शिक्षा संपली, तरी भाकरी बंदच काय?

वर्धा नदीच्या अलीकडच्या काठाला आपला वणी तालुका आणि पलीकडच्या काठाला चंद्रपूर जिल्हा. पाटाळ्याचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. परंतु १ एप्रिल २०१५ पासून २०२१ सालच्या मध्यापर्यंत त्या पुलावर केवळ जिल्हाच बदलत नव्हता. गुन्ह्याची व्याख्याही बदलत होती. वणीच्या परवानाधारक दुकानातून दिवसाढवळ्या विकत घेतलेली दारूची बाटली पुलाच्या मध्यापर्यंत माल होती, पुढे ती मुद्देमाल झाली. विकणाऱ्याच्या दुकानावर पाटी होती, पोहोचविणाऱ्याच्या हाती बेडी पडली.

चंद्रपूरची दारूबंदी उठविण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २७ मे २०२१ रोजी घेतला. त्या वेळी शासनाने जे आकडे प्रसिद्ध केले, ते आपल्या समाजाने पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालावे. २०१० ते २०१४ या पाच वर्षांत दारूविषयक गुन्हे १६,१३२ होते. बंदीच्या काळात, २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत, ते ४०,३८१ झाले. या गुन्ह्यांत अडकलेल्या स्त्रिया ४,०४२ आणि अल्पवयीन मुले ३२२. पुढे बंदी उठली, दुकानांचे परवाने पुन्हा जिवंत झाले, सरकारच्या तिजोरीत अबकारी कराची भर पुन्हा पडू लागली. मात्र जे गुन्हे नोंदले गेले, ते नोंदलेलेच राहिले. कायदा उठला म्हणून त्या कायद्याखाली भरलेला खटला आपोआप उठत नसतो. आज ज्या गोष्टीवर सरकार कर घेते, तीच गोष्ट काल केली म्हणून एखादा तरुण न्यायालयाच्या तारखा करतो आहे, असा हा प्रकार आहे.

येथे गैरसमज नको. आम्ही दारूची वकिली करण्यास बसलेलो नाही. दारू पिणार नाही ही प्रतिज्ञा नागपुरास १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी घेतली, आणि मद्याचा व्यापार उपासकाने करू नये असे भगवंतांनी स्पष्ट सांगितले आहे. ज्या घरात दारूचे डबे लपविले गेले, त्या घरातील मुलांची शाळा बुडाली, हेही आम्ही जाणतो. प्रश्न निराळा आहे. चूक केली, तिची शिक्षा भोगली किंवा खटला चालून निर्दोष सुटला, त्यानंतर त्या माणसाने काय करून पोट भरावे? सन्मार्गाचे काम त्याला द्यावयाचे नाही आणि तो पुन्हा वाममार्गाला लागला की ‘हा मूळचाच तसा’ म्हणावयाचे, हा न्याय कोणत्या जातीचा?

वणीच्या चहूबाजूंस कोळसा आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आहेत, त्यांच्यावर अवलंबून असलेले ठेकेदार आहेत, मालमोटारींचे मालक आहेत, जिनिंग आहेत, पहारेकरी पुरविणाऱ्या संस्था आहेत. कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणाप्रमाणे जमीन गेलेल्या कुटुंबास दर दोन एकरांमागे एक नोकरी मिळावयाची असते. ज्याची जमीनच नव्हती, त्याला अर्थात ठेकेदाराचे दार उरते. कायम नोकरी असो वा सरकारी शिपायाची जागा असो, निवड झाल्यावर उमेदवाराच्या हाती एक छापील नमुना येतो. त्याला साक्षांकन नमुना म्हणतात. तुम्हांला कधी अटक झाली होती काय, तुमच्यावर कधी खटला झाला होता काय, शिक्षा झाली काय, असे त्यात विचारलेले असते. नंतर पोलीस ठाण्याकडून चारित्र्याची पडताळणी होते. खासगी पहारेकऱ्यांच्या बाबतीत तर २००५ च्या कायद्यानेच ही पडताळणी आवश्यक केली आहे. आपल्या तरुणांचे भवितव्य बहुधा परीक्षेत अडत नाही, ते या एका कागदावर अडते. आणि आमचे दुःख असे की, हा कागद कसा भरावा हे आपल्या घरांत कोणासही ठाऊक नसते.

म्हणून कायदा काय म्हणतो ते थोडे सविस्तर सांगणे प्राप्त आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात या विषयावरील परस्परविरोधी निकालांचा मेळ घातला. त्याचा इत्यर्थ असा. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. अटक, खटला, शिक्षा अथवा सुटका यांपैकी जे विचारले आहे ते दडवू नये. गुन्हा किरकोळ असेल, तारुण्यातील एखादी घोषणाबाजी असेल, तर माहिती दडविली तरी ती चूक मालकाने माफ करावी, असा विवेक त्याने वापरावा. जे विचारलेच नाही, ते सांगितले नाही म्हणून कोणाला दोषी धरता येणार नाही. उलटपक्षी, सगळे खरे सांगितले म्हणून नेमणूक दिलीच पाहिजे असेही बंधन मालकावर नाही. त्याला पूर्ववृत्ताचा विचार करण्याचा अधिकार आहे. परंतु तो विचार त्याने केला पाहिजे. नुसते नाव नोंदवहीत दिसले आणि अर्ज फेकला, याला विचार म्हणत नाहीत.

त्याआधी २०११ साली दिल्ली पोलीस दलातील एका उमेदवाराच्या प्रकरणात याच न्यायालयाने फार उदार भूमिका घेतली होती. सुमारे विसाव्या वर्षी मारामारीच्या खटल्यात सापडलेला, पुढे आपसांत समेट होऊन सुटलेला तो तरुण होता. अर्जात त्याने ही गोष्ट लिहिली नव्हती, म्हणून नेमणूक नाकारली गेली. तरुण वयात तरुणांकडून चुका होतात, त्या क्षम्य मानल्या पाहिजेत, या विचाराने न्यायालयाने त्याची बाजू घेतली. आणि निकालपत्रात व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतील जाँ व्हालजाँची आठवण केली, ज्याच्या कपाळी उपाशी कुटुंबासाठी पाव चोरल्याबद्दल जन्मभराचा चोर हा शिक्का बसला होता. न्यायमूर्तींना फ्रान्समधील जाँ व्हालजाँ आठवला हे चांगलेच झाले. आमच्याकडच्या गावोगावच्या मांगवाड्यात, पारध्यांच्या बेड्यावर आणि बौद्धपुऱ्यातही तो आहे, एवढेच आम्ही जोडू.

आता याहून महत्त्वाची गोष्ट. गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम हा कायदा १९५८ सालापासून अस्तित्वात आहे. देहान्त किंवा जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात, माणसाचे वय, स्वभाव आणि पूर्ववृत्त पाहून न्यायालय त्याला तुरुंगात न पाठविता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते. एकवीस वर्षांखालील आरोपीला तुरुंगात पाठवावयाचे असेल, तर त्याची कारणे न्यायालयाने लिहून ठेवावी लागतात. आणि या कायद्याचे बारावे कलम म्हणते की, अशा रीतीने सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागणार नाही. आधीच नोकरीत असलेल्यावर खात्याची कारवाई यामुळे टळत नाही, हेही न्यायालयांनी सांगितले आहे. तथापि नव्याने नोकरी शोधणाऱ्या मुलाला या कलमाचे मोल फार आहे. असे असता आपल्याकडे काय घडते? किरकोळ भांडणाचा खटला असतो. रोजी बुडवून तारखा करण्याचा कंटाळा येतो. कोणी शहाणा सल्ला देतो की, ‘गुन्हा कबूल कर, पाचशे रुपये दंड भर, आणि मोकळा हो.’ मुलगा मोकळा होतो आणि पाच वर्षांनी साक्षांकन नमुना हाती आल्यावर त्याला कळते की, कबुली म्हणजे दोषसिद्धी. पाचशे रुपयांत त्याने तीस वर्षांची नोकरी विकलेली असते. परिवीक्षेचा अर्ज त्या दिवशी कोणी दिलाच नाही. कारण मागितला नाही तर तो बहुधा कोणी सुचवीत नाही.

आपण हे मागितले पाहिजे, आणि ते मागण्यास वकिलाचे पैसे लागत नाहीत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींची माणसे, स्त्रिया, मुले आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. धर्मांतराने हा हक्क जातो अशी भीती काही कुटुंबांत अजून आहे. ती निराधार आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळालेले आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते; तेथे जाऊन अर्ज द्यावा.

त्या ३२२ मुलांविषयीही एक गोष्ट. अल्पवयीन असताना बाल न्याय मंडळासमोर झालेले प्रकरण पुढे अपात्रतेचे कारण होऊ शकत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे चोविसावे कलम तसे सांगते, आणि अपिलाची मुदत संपल्यावर ते कागद नष्ट करण्याची व्यवस्थाही सांगते. सोळा वर्षांवरील मुलाने केलेले निर्घृण गुन्हे तेवढे याला अपवाद होऊ शकतात. दारूची पिशवी वाहून नेणारे पोर त्यात बसत नाही. तेव्हा अशा मुलाला कोणी नोकरी नाकारली, तर ती नाकारणी बेकायदेशीर आहे.

आमच्या समाजात गुन्ह्याची नोंद होण्याचा दुसराही एक मार्ग आहे, आणि तो दारूचा नाही, स्वाभिमानाचा आहे. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावात हल्ला झाला, ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला, आणि गावोगावच्या तरुणांवर गुन्हे दाखल झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये गृहमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले की, ६४९ पैकी ३४८ गुन्हे मागे घेण्यात आले. म्हणजे त्या दिवशी ३०१ शिल्लक होते. शिवाय ‘मागे घेतले’ या शब्दांवर कोणी निर्धास्त राहू नये. मंत्र्याच्या घोषणेने खटला मिटत नाही. सरकारी वकिलाने न्यायालयात अर्ज द्यावा लागतो आणि न्यायालयाची संमती मिळावी लागते. तोवर आरोपी आरोपीच राहतो. याच जातकुळीचा आणखी एक अनुभव आपल्या लोकांना आहे. अत्याचाराची फिर्याद द्यावयास ठाण्यात गेलेल्या माणसावर दुसऱ्याच दिवशी चोरीची अथवा मारहाणीची उलट फिर्याद नोंदली जाते. मालकाच्या टेबलावर पुढे जो कागद येतो, त्यावर ही हकीकत नसते. केवळ कलम असते.

कलमाखाली दडलेली ही हकीकत पाहिली म्हणजे तुरुंगातील संख्येचा अर्थ लागतो. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२ जणांचा खटला अद्याप निकालात निघालेला नव्हता. शंभरातील पंचाहत्तर माणसे दोषी ठरलेलीच नाहीत! आणि कैद्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण एक पंचमांशाहून अधिक आहे, जे लोकसंख्येतील प्रमाणाहून जास्त आहे. आता याच देशाचा दुसरा कायदा पाहा. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेला मनुष्य सुटकेनंतर सहा वर्षांनी पुन्हा निवडणूक लढवू शकतो, आणि ज्याच्यावर नुसते खटले चालू आहेत त्याला तर शपथपत्र भरण्यापलीकडे काही अडथळाच नाही. तो आमदार होतो, मंत्री होतो. त्याच्या कार्यालयाबाहेर स्टुलावर बसणाऱ्या शिपायाची नेमणूक मात्र जुन्या भांडणाच्या खटल्यापायी अडते. कायदे करणाऱ्याला सहा वर्षांत शुद्ध करणारा हा देश चहाचा पेला नेणाऱ्याला किती वर्षांत शुद्ध करणार?

जन्माने गुन्हेगार ठरविण्याची कल्पना आमच्या देशाला नवी नाही. इंग्रजांनी १८७१ साली जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदविल्या, आणि तो कायदा १९५२ साली रद्द झाला तरी सराईत गुन्हेगारांचे कायदे त्याच्या जागी आले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा आहे. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत गुन्हेगार ठरविलेल्या जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य या तिघांचा एकत्र उल्लेख करून, अशा संस्था जन्माला घालणाऱ्या संस्कृतीला संस्कृती म्हणावे काय, हाच सवाल टाकला होता. सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमपुस्तकांतील जातवार कामे आणि तुरुंगाच्या नोंदवहीतील जातीचा रकाना घटनाबाह्य ठरविण्यास ३ ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला. तुरुंगातील रकाना गेला. बाहेरच्या मालकाच्या मनातील रकान्याचे काय?

बुद्धांच्या चरित्रात या प्रश्नाचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे, परंतु त्याचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो. अंगुलिमालाला शोधण्यास पाचशे घोडेस्वार घेऊन निघालेला पसेनदी राजा जेतवनात आला. तो दरोडेखोर चीवर घालून भिक्षू झालेला आढळला तर काय कराल, असे भगवंतांनी विचारले. त्याला वंदन करू, त्याला चीवर व अन्न देऊ, असे राजाने उत्तर दिले, आणि समोर अंगुलिमाल पाहूनही तो शब्दाला जागला. अर्थात राज्याने त्याला सोडले. गावाने सोडले नाही. श्रावस्तीत भिक्षेला गेला असता त्याच्यावर ढेकळे आली, काठ्या आल्या. डोके फुटलेला, पात्र मोडलेला असा तो परतला. आजचा सुटून आलेला कैदी नेमका येथेच उभा आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी पतितांच्या व गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेसाठी स्वतंत्र भाग राखला, तो उगाच नव्हे.

प्रामाणिकपणे हेही नमूद केले पाहिजे की, विनयपिटकातील महावग्गात, लोक भयभीत झाल्यामुळे, कुप्रसिद्ध दरोडेखोरांना यापुढे प्रव्रज्या देऊ नये असा नियम केल्याचे सांगितले आहे. हा नियम आमच्या प्रतिपक्षाने दाखविण्याआधी आम्हीच दाखवितो. लोकांच्या भीतीची दखल भगवंतांनी घेतली. ती मूर्खपणाची म्हणून उडवून लावली नाही. परंतु त्या नियमाने अंगुलिमालाला संघातून बाहेर काढले नाही. भीतीचा विचार करावा आणि सुधारलेल्या माणसाला हाकलू नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

म्हणूनच मालकाची भीतीही सरसकट खोटी म्हणता येत नाही. अपहार केलेल्याला रोखपाल करा, मुलांवर अत्याचार केलेल्याला शाळेत ठेवा, असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. गुन्हा आणि काम यांचा संबंध पाहावा, मध्ये किती वर्षे गेली ते पाहावे, त्या वर्षांत माणूस कसा वागला ते पाहावे. बाकी सारे गैरलागू. इंग्लंडने १९७४ सालीच कायदा करून ठरावीक मुदतीनंतर जुनी शिक्षा संपुष्टात आल्याचे मानण्यास आरंभ केला. अमेरिकेत हवाई राज्याने १९९८ साली अर्जावरील हा प्रश्न आधी विचारण्यास बंदी केली: आधी माणूस पारखा, नोकरी देऊ केल्यानंतर पूर्ववृत्त विचारा. भारतात असा सर्वसाधारण कायदा नाही. तो झाला पाहिजे, आणि आपल्या प्रतिनिधींना आपण तो विचारला पाहिजे.

येथे आमच्या वाचकांपैकी कोणी विचारील की, आमच्या वस्तीवर हल्ला करून शिक्षा भोगून आलेल्या माणसालाही तुम्ही नोकरी द्या म्हणता काय? हा प्रश्न अवघड आहे, आणि तो टाळून हा लेख लिहिता येणार नाही. आमचे उत्तर होय असे आहे. शिक्षा पुरी भोगल्यावर त्यालाही कामाचा हक्क आहे. मात्र ज्या कामात आमच्या लोकांवर अधिकार चालवावयाचा असतो, ते काम त्याला नको. जे तत्त्व आम्ही आमच्या मुलासाठी मागतो आणि शत्रूच्या मुलाला नाकारतो, ते तत्त्व नव्हे, ती सोयरीक झाली.

सरकारचीच विसंगती पाहावी. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविले आणि भिंतीवाचून कैदी राहू शकतात हे दाखविले; १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्यावरूनच सुचला. आज आपल्याच अमरावती विभागात मोर्शी येथे खुले कारागृह आहे, आणि तेथे शिक्षा भोगणारी माणसे शेतावर काम करतात. म्हणजे शिक्षा चालू असताना सरकार त्याच्या हाती कुदळ देते आणि त्याच्यावर विश्वास टाकते. शिक्षा संपल्यावर तेच सरकार म्हणते, याचा भरवसा काय!

सरकारला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. वणीत आणि आसपास आपल्यापैकी आता दुकानदार आहेत, ठेकेदार आहेत, मालमोटारींचे मालक आहेत, शिक्षणसंस्थांचे चालकही आहेत. सुटून आलेल्या आपल्याच बांधवाला त्यांपैकी कितीजण कामाला ठेवतात? विहाराच्या समितीत वर्गणी मागताना त्याच्या घरी जाणे होते, मुलीच्या सोयरिकीत मात्र त्याचे घर वगळले जाते. चंद्रपूरच्या गुन्ह्यांत सापडलेल्या स्त्रिया तर दुहेरी भोग भोगत आहेत. पुरुषाला निदान हमाली मिळते, तिला घरकामही कोणी देत नाही. आम्ही सुचवितो की, प्रत्येक विहार समितीने आपल्या वस्तीतील अशा कुटुंबांकडे जाऊन, गाजावाजा न करता, कोणाचा खटला कोठे अडला आहे आणि कोणाला कोणते काम येते, एवढे पाहावे आणि आपल्यातील मालकमंडळींपुढे ठेवावे. शासनाकडेही एकत्रित निवेदन द्यावे की, चंद्रपूरच्या बंदीच्या काळातील किरकोळ वाहतुकीचे जे खटले अजून चालू आहेत, ते मागे घेण्याचे अर्ज सरकारी वकिलांकडून न्यायालयात दाखल व्हावेत.

आणि ज्यांचे खटले संपले आहेत, त्यांनी एक काम याच महिन्यात उरकावे. निर्दोष सुटका असो, खटला मागे घेतल्याचा आदेश असो वा परिवीक्षेवर सोडल्याचा निकाल असो, त्याची सही-शिक्क्याची नक्कल न्यायालयाच्या नक्कल विभागातून मागून घ्यावी. अर्जाला तिकीट लागते, थोडे दिवस लागतात, खेपा होतात. ती नक्कल घरी जातीच्या दाखल्याशेजारी जपून ठेवावी आणि साक्षांकन नमुना हाती येईल त्या दिवशी, सगळे खरे लिहून, त्याला जोडावी.